कान दिसले पाहिजेत

गावाच्या मानानं बुऱ्हाणपुरात डॉक्टर व्हायच्या वाटा फार. बीएएमएस करायला पंडित शिवनाथ शास्त्रींच्या नावाचं सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे, बीयूएमएस करायला सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेज आहे, म्हणजे चरक आणि बुकरात, म्हणजे हिपोक्रॅटिस, या दोघांचीही गादी एकाच गावात चालते. इथल्या माणसाला एकाच वेळी प्रकृती पण असते आणि मिजाज पण असतो. एकजण नाडी धरून वात वाढला म्हणतो, दुसरा नब्ज बघून बलगम वाढला म्हणतो. पेशंट दोघांनाही मान डोलावतो, पुड्या आणि शिश्या खिशात घालतो आणि घरी जाऊन क्रोसिन घेतो.

नाही ते फक्त एमबीबीएसचं कॉलेज. ते २०१८ साली खंडव्याला झालं, आणि त्याच साली जळगावलाही झालं. आम्ही बरोबर मधे. त्यातही खंडव्याच्या दारात आम्ही घरी मराठी बोलणारे आणि जळगावच्या दारात मध्य प्रदेशवाले. महाराष्ट्राच्या कोट्यातून जायचं तर दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली लागते. रावेरच्या मावशीकडे लहानपणी प्रत्येक उन्हाळा काढला, याचा दाखला कुठलंही तहसील देत नाही.

या गावात ज्यांच्यावर उपचार झाले त्यातली सगळ्यात नामांकित पेशंट म्हणजे मुमताज महल. साल १६३१, बाळंतपण चौदावं. बादशाही हकीम हाताशी असून ती वाचली नाही, आणि पुढचा सगळा संगमरवर आग्र्याला गेला. घरात एक तरी डॉक्टर असावा, असं इथल्या माणसांना तेव्हापासून वाटत असावं. आमच्या वहिनीला तर माझा पुतण्या पाळण्यात असल्यापासून वाटत होतं. त्यानं खेळातला स्टेथोस्कोप तोंडात घातला, यात तिला शकुन दिसला. तो त्या वयात चपलाही तोंडात घालायचा, पण त्यावरून त्याला बाटाच्या दुकानात लावावं असं कोणी म्हटलं नाही.

तर तो नीटला बसला. नीट ही परीक्षा देणं सोपं, तिचा फॉर्म भरणं अवघड. परीक्षेत १८० प्रश्न असतात आणि चारातला एक पर्याय बरोबर असतो. फॉर्ममध्ये किती प्रश्न आहेत ते सर्व्हरला माहीत, आणि बरोबर पर्याय कोणालाच माहीत नाही. मी नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरी काढली. जन्मभर कागद केला आणि निवृत्त झालो त्या सुमाराला कोणताही फॉर्म कागदावर मिळेनासा झाला. म्हणून आम्ही सगळे शनवाऱ्यातल्या एमपी ऑनलाइनच्या दुकानात गेलो. सगळे म्हणजे मी, दादा, वहिनी आणि ज्याचा फॉर्म होता तो. तो सर्वात मागे, बाहेर स्कूटरवर.

दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मागच्या भिंतीपलीकडे पॉवरलूम. लूमची खटखट चालू असली म्हणजे लाइट आहे, ती थांबली की भरलेलं सगळं पुसलं गेलं असं समजायचं. दुकानाचा पोरगा बी.कॉम. झालेला. गावात कोणाला किती मार्क मिळाले हे त्याला पोरांच्या बापांच्या आधी कळतं. त्याच्याकडे चेहरा पाडून गेलं तरी चालतं, सांगावं लागत नाही.

"फोटो?" तो म्हणाला.

वहिनीनं पाकीट काढलं. मुलाचे केस कोट्याला क्लाससाठी असताना वाढलेले, डोळ्यांत विरक्ती. पोरग्यानं फोटो स्क्रीनवर घेतला, मोठा केला, आणखी मोठा केला आणि मान हलवली.

"काकी, इसमें कान नहीं दिख रहे."

नियमच तसा आहे. पार्श्वभूमी पांढरी हवी, ऐंशी टक्के चेहरा दिसायला हवा आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. देशाला त्याच्या मेंदूत काय आहे ते नंतर बघायचंय. आधी त्याला कान आहेत याची खात्री हवी. दादाचं म्हणणं पडलं की हे बरोबरच आहे, अठरा वर्षं आपण जे सांगतोय ते त्याला ऐकू येतं का, हा प्रश्न सरकारलाही पडलेला दिसतो. मुलाला उचलून शेजारच्या सलूनमध्ये नेण्यात आलं. तिथून तो कानांसकट परत आला. मग सही, मग दहाही बोटांचे ठसे. शाईच्या पॅडवर बोटं उमटवताना त्याचा चेहरा असा झाला होता की जणू पुढच्या दारातून हवालदार येईल.

मग समग्र आयडी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मध्य प्रदेशात माणूस जन्मतो तो आईच्या पोटी, पण अस्तित्वात येतो तो समग्रमध्ये नाव चढल्यावर. आमच्या समग्रमध्ये मुलाचं नाव बापाच्या नावासकट, महाराष्ट्री पद्धतीनं तिहेरी. दहावीच्या मार्कशीटवर फक्त नाव-आडनाव, हिंदी पद्धतीनं दुहेरी. आणि आधारवर आडनावातला एक आय जास्त. तीन सरकारी कागदांवर तीन वेगवेगळे उमेदवार होते आणि त्यातला एकही अभ्यास करत नव्हता.

निकाल लागला. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलं या परीक्षेला बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. बाकीच्या बावीस लाखांच्या घरी जे झालं तेच आमच्याकडे झालं. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी दादानं कोट्याच्या क्लासच्या पावत्या काढून बेरीज केली. तिसऱ्या दिवशी वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तसंही त्याला लहानपणापासून आयुर्वेदाचीच आवड."

आम्ही सगळे पुतण्याकडे बघू लागलो. पुतण्याही स्वतःकडे बघू लागला.

"च्यवनप्राश किती आवडीनं खायचा," वहिनी म्हणाली. चौकशी झाली तेव्हा निघालं की एकदा डबा उघडा राहिला होता.

नेमकं याच दिवसांत न्यू जर्सीत एडिसनला माझ्या मावसबहिणीच्या घरी असंच सुतक चालू होतं. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तिकडच्या एमकॅट परीक्षेला बसली होती आणि तिला ५०० च्या आसपास मार्क पडले होते. फोनवर हे ऐकून आईनं, म्हणजे मुलांच्या आजीनं, देवापुढे साखर ठेवली. पाचशे! मावसबहीण रडवेली होऊन म्हणाली, मावशी, चांगले नाहीत ते. मग तिनं समजावून सांगितलं. एमकॅट ५२८ मार्कांची असते, पण कमीत कमी ४७२ मिळतातच. म्हणजे माणूस आत जाऊन साडेसात तास छताकडे बघत बसला तरी ४७२. आमच्याकडे छताकडे बघणाऱ्याला शून्य मिळतं, आणि छताकडे न बघता मनापासून सगळे प्रश्न चुकवणाऱ्याला उणे १८०. पुतण्या हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पासपोर्टला किती दिवस लागतात?"

तर ५०० वर तिकडच्या नावाजलेल्या एमडीच्या कॉलेजांत दाद लागणं कठीण. म्हणून भाचीनं डीओला अर्ज करायचं ठरवलं होतं. डीओ म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. अमेरिकेत तो पुरता डॉक्टर असतो: औषधं लिहितो, ऑपरेशनं करतो, आणि २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्या पुढच्या प्रशिक्षणाला मान्यता देणारी संस्थाही एकच आहे. शिवाय डीओवाल्यांना हातानं सांधे-स्नायू तपासायचं आणि सैल करायचं शिक्षण दोनशेएक तास जास्तीचं. हे सगळं मावसबहीण ज्या घाईनं आणि ज्या क्रमानं सांगत होती, त्यावरून लक्षात आलं की ती ते एडिसनच्या महाराष्ट्र मंडळात बऱ्याच जणांना सांगून बसली आहे. वहिनीनं लगेच फोन हातात घेतला. दोघी तासभर बोलल्या. "अगं, आमचंही बीएएमएस म्हणजे सर्जरी धरूनच असतं, नावातच आहे," असं ऐकू येत होतं.

आता खरा फरक सांगतो. आमच्याकडच्या फॉर्ममध्ये सगळं विचारतात: जात, उत्पन्न, बोटं, कान. एकच गोष्ट विचारत नाहीत, की बाबा, तुला हे का व्हायचंय? अमेरिकेत तेवढंच विचारतात. बहुतेक सगळ्या डीओ कॉलेजांसाठी एकच सामाईक अर्ज, त्यात ५३०० अक्षरांचा निबंध, मोकळ्या जागा धरून: मला डॉक्टर का व्हायचंय. तो धाडला की प्रत्येक कॉलेज आपापला वेगळा फॉर्म आणि वेगळी फी घेऊन परत विचारतं: ऑस्टिओपॅथीच का? आणि त्यानंतर: आमचंच कॉलेज का? कॉलेजांनाही ठाऊक असतं की बरीच मुलं एमडीच्या दारावरून इकडे आलेली आहेत. आधी दाखवलेल्या स्थळानं नकार दिलाय हे माहीत असलेल्या मुलाकडच्यांनी कांदेपोहे खाता खाता, "मग आमच्यातलं काय आवडलं तुम्हाला?" असं विचारावं, तो हा प्रकार. आणि उत्तर द्यायचं ते खाली बघून.

शिवाय डीओ डॉक्टरांच्या मागे मागे फिरून त्यांचं काम बघायचं आणि त्यांच्याकडून शिफारसपत्र आणायचं. दादाला हे समजेना. आमच्याकडे डॉक्टरच्या मागे मागे फिरतो त्याला एमआर म्हणतात, आणि पत्र नव्हे, सँपल देतात.

भाचीनं निबंधासाठी या शास्त्राचा इतिहास वाचून काढला आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आम्हाला ऐकवला. मिसूरीमधला एक डॉक्टर, अँड्र्यू टेलर स्टिल. १८६४ मध्ये त्याची तीन मुलं मेंदूज्वरानं गेली. त्या काळच्या औषधांत पारा असायचा आणि उपायात रक्त काढणं, तेव्हा त्याचा औषधांवरचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यानं आपली नवी विद्या जाहीर केली, हाडं-सांधे नीट बसले तर शरीर स्वतःला सावरतं म्हणून. लोक हसले. मग गावोगाव फिरून हाडं बसवली. जाहिरातीत तो स्वतःला विजेच्या वेगानं हाडं बसवणारा म्हणायचा. १८९२ मध्ये कर्क्सव्हिलला शाळा काढली, तिच्या पहिल्याच वर्गात बायकाही होत्या. सरकारनं एमडी पदवी द्यायची मुभा दिली असतानाही त्यानं हट्टानं डीओच दिली.

आई शांतपणे वाती वळत ऐकत होती. म्हणाली, "हाडवैद्य. आपल्याकडे पहिलवान बसवायचा. तुझा मामा चिंचेवरून पडला तेव्हा त्यानंच हात ओढला होता. काबरं, त्याच्यासाठी परीक्षा द्यावी लागते का तिकडे?"

"आजी, थांब, थांब," भाची ओरडली, "पुन्हा सांग. हात कसा ओढला? त्यानं आधी काय केलं?"

आणि पुढचा पाऊण तास माझ्या डाव्या हाताचा इतिहास नोंदवला गेला. पहिलवानानं कोपर कसं चाचपलं, हळद-आंबेहळदीचा लेप कसा होता, बांबूच्या कामट्या कशा बांधल्या. हात थोडा वाकडा बसला हे मी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं, पण भाची म्हणाली, मामा, तो भाग नको. आईनं मग बाळंतिणीला आणि बाळाला तेल कसं लावायचं तेही सांगितलं. भाची भराभर टाइप करत होती. आमच्या वहिनीचा च्यवनप्राश आणि भाचीचा पहिलवान यांत मला गुणात्मक फरक दिसला नाही, एवढंच नोंदवून ठेवतो. फक्त तिकडे त्याला अक्षरमर्यादा असते.

याच कॉलवर तिनं आणखी एक किस्सा सांगितला आणि दादा आयुष्यात प्रथमच अमेरिकेच्या बाबतीत हळहळला. १९६२ साली कॅलिफोर्नियात तिथल्या एमडींनी डीओंना आपल्यात ओढून घ्यायचं ठरवलं. दोन हजारांवर डीओंनी पासष्ट डॉलर भरले, लहानसं शिबिर केलं आणि ते एमडी झाले. कालचे पेशंट तेच, दवाखाना तोच, हातही तेच. नव्या डीओंना मात्र तिथे परवाना बंद; तो कोर्टानं १९७४ मध्ये पुन्हा उघडला.

"पासष्ट डॉलर!" दादा म्हणाला. त्यानं कोट्याच्या पावत्यांकडे पाहिलं. "ही योजना अजून चालू आहे का, विचार ना तिला."

इकडे आमचं काउन्सेलिंग सुरू झालं. काउन्सेलिंग म्हणजे कोणी जवळ बसवून समजूत घालणार असं आईला वाटत होतं. प्रत्यक्षात पुन्हा एमपी ऑनलाइन, पुन्हा खटखट, पुन्हा ओटीपी. मधल्या एका वर्षाचं गॅपचं प्रतिज्ञापत्र लागलं: नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की या वर्षात मुलानं कुठेही प्रवेश घेतला नाही आणि कुठे नोकरी केली नाही. थोडक्यात वर्षभर काही केलं नाही. दादानं त्याच्यावर सही करताना म्हटलं, कोट्यानंतर इतकं खरं वाक्य कुठे वाचलं नव्हतं.

चॉइस फिलिंगला वहिनीनं भोपाळ वर टाकलं, राजधानी म्हणून. दादानं इंदूर वर टाकलं, पोह्यांसाठी. मग उज्जैन, ग्वाल्हेर, जबलपूर, रीवा. पुतण्यानं काही टाकलं नाही, तो फक्त हळूच एवढं म्हणाला की बुऱ्हाणपूर शेवटी ठेवा. घरापासून लांब, हॉस्टेलमध्ये राहून, कान झाकून जगायची त्याची तयारी होती. यादी लॉक झाली. पहिल्या फेरीत काही लागलं नाही, दुसरीत लागलं. बुऱ्हाणपूर. सायकलवर दहा मिनिटं. वहिनीनं त्याच दिवशी पितळी डबा घासायला काढला. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे साडेपाच वर्षं मेथीची भाजी, आणि वर परत "पोरगं शिकायला बाहेर आहे" हे म्हणायची सोय नाही.

फॉर्मनं जे विचारलं नाही ते गल्लीनं विचारलं. गल्लीच्या मुलाखतीला वेळ ठरलेली नसते. भाजी घेताना, राजघाटाच्या पायऱ्यांवर, मिठाईवाल्याकडे दराबा घ्यायला उभं असताना, कुणी ना कुणी मान वाकडी करून विचारतंच: "एमबीबीएस नाही मिळालं का?" हा 'का' अमेरिकेतल्या 'का'सारखा नसतो, याला उत्तर नको असतं. तरीही वहिनी देते. आधी तिचं उत्तर लहान होतं. दिवाळीपर्यंत त्यात करोनातले काढे, जगभर वाढलेली आयुर्वेदाची मागणी आणि आमच्या पणजोबांचा एक वैद्य मित्र एवढं सगळं आलं. ५३०० अक्षरं नक्की भरली असती. मला तर वाटतं, ती आणि भाची एकाच कॉलेजच्या मुलाखतीला बसल्या असत्या तर वहिनीच आधी लागली असती.

पुतण्याचं विचाराल तर तो रमला. पहिल्या वर्षाला संस्कृत आहे, आणि हिंदी शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलाला ते जड जात नाही. आता तो जेवताना आम्हाला आमच्या प्रकृती सांगतो. दादा पित्तप्रधान निघाला, हे कळायला कॉलेजची गरज नव्हती. वहिनीची कुठली, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. डबा तिच्या हातात आहे.

भाचीला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. मुलाखतीत तिला पहिलवानाबद्दलच विचारलं म्हणे, आणि समोरचे प्राध्यापक पुढे सरकून ऐकत होते. पहिलं सत्र संपवून ती डिसेंबरात आईबरोबर बुऱ्हाणपूरला आली. अमेरिकेतून हाडांची डॉक्टरीण आली, ही बातमी तिच्या बॅगा उतरायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पहिली पेशंट हजर. समोरच्या काकू, उजवा खांदा धरून.

"बघ गं बाई, वर होतच नाही."

भाचीनं हात मागे घेतले. "काकू, मी पहिल्या वर्षाला आहे. मला परवानगी नाहीये पेशंटला हात लावायची."

काकू पुतण्याकडे वळल्या. तो दोन पावलं मागे सरकला. "माझं पण पहिलंच वर्ष आहे काकू. अजून शरीररचनाच चालू आहे."

"खांदा झालाय का त्यातला?"

"झालाय."

"मग?"

"मेलेल्या माणसाचा झालाय."

आईनं आतून ओरडून सांगितलं की पहिलवान असता तर आत्ता ओढून मोकळा झाला असता. माझा हात मी पाठीमागे लपवला. काकूंनी दोन्ही मुलांकडे आळीपाळीनं बघितलं. "दोघं मिळून एक पण डॉक्टर होत नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "जाते मी माझ्या डॉक्टरकडे. वीस वर्षं झाली, त्याच्याच हाताला गुण आहे. ही थेरं नाहीत तिथे. खरा, शिकलेला डॉक्टर आहे."

पुतण्यानं त्यांना स्कूटरवर सोडलं. परत आला तेव्हा भाचीनं विचारलं, कोणता डॉक्टर रे? एमडी आहे?

"पाटी वाचली मी," तो म्हणाला. "बीयूएमएस."